उदराचे सीटी स्कॅन : प्रतिमेची स्पष्टता आणि किरणमात्रा यांच्या समतोलाचा इतिहास (मालगुंडच्या रुग्णाच्या संदर्भात)

प्रस्तावना

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड हे गाव मराठी वाचकास केशवसुतांचे जन्मगाव म्हणून परिचित आहे. गणपतीपुळ्याच्या शेजारी असलेल्या या किनारपट्टीच्या गावापासून रत्नागिरी शहर आरे-वारेच्या सागरी मार्गाने सुमारे पंचवीस ते तीस किलोमीटर अंतरावर आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथील वैद्यकीय अधिकारी पोट तपासून, रक्त-लघवीच्या तपासण्या करून प्राथमिक निदान करू शकतात; परंतु पोटाचे सीटी स्कॅन करावयाचे झाल्यास रुग्णास रत्नागिरीची वाट धरावी लागते. आजार गुंतागुंतीचा निघाल्यास पुढची वाट आंबा घाटातून कोल्हापूरची किंवा महामार्गाने अथवा कोकण रेल्वेने मुंबईची असते. मुंबईत बहुतेक घरांचे कोणी ना कोणी चाकरमानी असतेच. त्यामुळे मोठ्या दुखण्यासाठी मुंबई गाठणे ही कोकणातील जुनी रीत आहे.

या प्रवासात रुग्णाच्या हाती फिल्मचे मोठे पाकीट आणि अहवालाचा कागद असतो. त्याच्या शरीरास किती क्ष-किरण मिळाले, ही तिसरी बाब सहसा त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारीत नाही. प्रस्तुत निबंधात या तिसऱ्या बाबीचा इतिहास पाहावयाचा आहे. उदराच्या सीटी प्रतिमेची स्पष्टता आणि त्यासाठी लागणारी किरणमात्रा यांचे गणित गेल्या पन्नास वर्षांत कसे मांडले गेले, ते कोठे चुकले, आणि शहरापासून दूर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने त्या गणिताचे उत्तर वेगळे येते काय, असा हा विषय आहे. येथे प्रतिपादन असे आहे की, साध्या क्ष-किरण फिल्मवर किरणांचा अतिरेक डोळ्यांना दिसत असे. सीटीच्या आगमनाने तो दिसेनासा झाला. त्यानंतरचा बराचसा इतिहास हा दिसेनासा झालेला अतिरेक पुन्हा दिसावा म्हणून केलेल्या खटपटीचा इतिहास आहे.

फिल्म आणि तिचा धाक

विल्हेल्म रॉन्टजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. त्या वेळी केशवसुत एकोणतीस वर्षांचे होते. शोधाची वार्ता जगभर पसरण्यास काही आठवडेच लागले. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत ब्रिटिश सैन्याच्या शल्यचिकित्सकांनी जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी क्ष-किरण यंत्र रणभूमीवर वापरले. हिंदुस्थानच्या भूमीवरील या तंत्राच्या अगदी आरंभीच्या उपयोगांपैकी हा एक होय.

आरंभीच्या उत्साहात किरणांच्या दुष्परिणामांकडे दुर्लक्ष झाले. हातांवर व्रण, केस गळणे, त्वचेचा कर्करोग अशा तक्रारी प्रथम यंत्र चालविणाऱ्यांनाच झाल्या. थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचा १९०४ मध्ये याच कारणाने मृत्यू झाला. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय क्ष-किरण परिषदेत संरक्षणविषयक समिती स्थापन झाली. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाचे हे मूळ रूप.

परंतु या सर्व काळात रुग्णाच्या बाजूने एक रखवालदार उभा होता, आणि तो म्हणजे फिल्म. किरण कमी पडले तर फिल्म फिकट येई. जास्त पडले तर काळीकुट्ट होई आणि तिच्यात काहीच दिसत नसे. डार्करूममधून बाहेर आलेली काळी फिल्म पाहून तंत्रज्ञास आपली चूक तत्काळ कळे. फुकट गेलेली फिल्म पदरमोड करून भरून द्यावी लागणार असेल तर ती अधिकच चांगली कळे. हा रखवालदार सूक्ष्म नव्हता. योग्य आणि थोडे अधिक यांतील भेद तो ओळखत नसे. तरी मोठ्या अतिरेकाला तो आळा घालीत असे, आणि त्यासाठी कोणत्याही कायद्याची, नोंदवहीची किंवा निरीक्षकाची गरज नव्हती.

संगणकाने आणलेला बदल

गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधील ईएमआय या कंपनीत अभियंता होते. त्यांच्या पहिल्या प्रायोगिक उपकरणात अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा उगम वापरला होता. किरण इतके मंद होते की एका वस्तूचे चित्रण पूर्ण होण्यास नऊ दिवस लागले, सुमारे २८,००० मोजमापे घेतली गेली आणि त्यांवर संगणक अडीच तास चालला. क्ष-किरण नळी बसविल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. प्रतिमा व किरण यांचा संबंध या एका उदाहरणात स्पष्ट दिसतो : पुरेसे किरण मिळाल्याविना प्रतिमा घडत नाही, ते हळूहळू गोळा करावयाचे की एकदम, एवढाच पर्याय असतो.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. ती प्रतिमा ८० गुणिले ८० चौकोनांची होती. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले.

या इतिहासात भारताचा वाटा आहे आणि तो मराठी पुस्तकांत क्वचितच आढळतो. १९७१ मध्येच जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी अनेक कोनांतून घेतलेल्या छायांवरून मूळ वस्तू पुन्हा उभी करण्याची सोपी व वेगवान गणिती रीत प्रसिद्ध केली. तिच्यातील गाळणी त्या दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून आजही 'राम-लाक' म्हणून ओळखली जाते. ही गाळणी प्रतिमेतील कडा धारदार करते. मात्र त्याबरोबर प्रतिमेतील कणीदारपणाही वाढवते. १९७४ मध्ये शेप व लोगन यांनी ती धार किंचित बोथट करणारी गाळणी सुचविली. म्हणजे एकाच रुग्णाच्या, एकाच वेळी घेतलेल्या मोजमापांपासून धारदार पण दाणेदार, किंवा मऊ पण अस्पष्ट, अशा दोन प्रतिमा निघू शकतात. किरणमात्रा न वाढविता प्रतिमा बदलण्याचा हा पहिला मार्ग होता. अनेक ठिकाणी तो विसरला गेला आणि प्रतिमा दाणेदार दिसली की विद्युतप्रवाह वाढविण्याची सवय लागली.

आता फिल्मच्या धाकाचे काय झाले ते पाहू. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूस मिळणारा आकडा पाण्याच्या तुलनेत काढलेला असतो. पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे एक हजार, हे हाउन्सफील्ड यांच्या मापनश्रेणीचे दोन आधार आहेत. किरण दुप्पट केले तरी पाणी शून्यच राहते आणि यकृत पन्नास-साठच्या आसपासच राहते. प्रतिमा काळी पडत नाही. उलट कणीदारपणा कमी होऊन ती अधिक देखणी होते. फिल्म ज्या चुकीबद्दल शिक्षा करीत असे, त्याच चुकीबद्दल संगणक बक्षीस देऊ लागला. डॉक्टरांनी सुंदर प्रतिमेची प्रशंसा करावी आणि तंत्रज्ञाने तीच मात्रा कायम ठेवावी, यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

उदरच का?

शरीराच्या सर्व भागांत हा प्रश्न सारखा नाही. फुप्फुसात हवा आणि गाठ यांच्या आकड्यांत शेकड्यांचा फरक असतो. मुतखडाही भोवतालच्या मऊ ऊतींपेक्षा इतका वेगळा असतो की बऱ्यापैकी दाणेदार प्रतिमेतही तो चमकतो. याउलट यकृतातील लहान गाठ आणि निरोगी यकृत यांत दहा-वीस एककांचा, कधी त्याहूनही कमी, फरक असतो. स्वादुपिंडाची स्थितीही तशीच. प्रतिमेतील कणीदारपणा या फरकाएवढा झाला की गाठ त्यात बुडून जाते. त्यातच पोट हा शरीराचा जाड भाग. तो श्वासाबरोबर हलतो आणि आतडी तर श्वास रोखूनही हलत राहतात. मेंदूच्या पहिल्या यंत्रांना एका छेदासाठी चार-पाच मिनिटे लागत, तितका वेळ पोट स्थिर राहणे अशक्य होते. १९७५ च्या सुमारास वीस सेकंदांत एक छेद घेणारी यंत्रे आली, तेव्हा रुग्णास एका श्वासात छेद देणे जमू लागले आणि उदराचे सीटी व्यवहार्य झाले.

स्पष्टतेची किंमत किती, हे १९७६ मध्ये ब्रुक्स आणि डी किरो यांनी गणिताने मांडले. इतर सर्व गोष्टी तशाच ठेवून कणीदारपणा निम्मा करावयाचा असेल तर मात्रा चौपट लागते. छेदाची जाडी निम्मी करून कणीदारपणा तेवढाच राखावयाचा असेल तर मात्रा दुप्पट लागते. बाजारात एखादी वस्तू दुप्पट चांगली हवी तर किंमत चौपट, असा हा भाव आहे. आणि तो भाव रुग्णाचे शरीर भरते.

याला जोडून आणखी एक भौतिक तथ्य आहे, ज्याचे महत्त्व कोकणातील अंगकाठीच्या संदर्भात विशेष आहे. सीटीच्या किरणांपैकी जवळजवळ निम्मे किरण दर चार सेंटिमीटर ऊतीत अडविले जातात. म्हणून दोन रुग्णांच्या पोटांच्या जाडीत चार सेंटिमीटरचा फरक असेल तर सडपातळ रुग्णास तेवढ्याच स्पष्टतेसाठी साधारण निम्मी मात्रा पुरते. यंत्र ज्या देशात तयार झाले तेथील सरासरी देहयष्टीसाठी ठरविलेला विद्युतप्रवाह जसाच्या तसा वापरला, तर शेतात आणि होडीवर राबणाऱ्या किडकिडीत माणसाला गरजेपेक्षा कितीतरी अधिक किरण मिळतात. लहान मुलाच्या बाबतीत हा अतिरेक आणखी मोठा असतो. रुग्णाच्या जाडीप्रमाणे प्रवाह आपोआप कमी-अधिक करणारी यंत्रणा १९९० च्या दशकात आली आणि २००० नंतर ती सार्वत्रिक झाली. परंतु तिलाही 'किती कणीदारपणा चालेल' हे माणसानेच सांगावे लागते. तो आकडा फार कडक ठेवला तर स्वयंचलित यंत्रणा निमूटपणे मात्रा वाढवीत राहते.

मात्रा मोजण्याचे प्रयत्न

न दिसणारी गोष्ट दिसावी म्हणून प्रथम तिचे माप लागते. १९८१ मध्ये शोप, गॅग्ने व जॉन्सन यांनी सीटीच्या मात्रेचा निर्देशांक सुचविला. प्लॅस्टिकच्या दंडगोलात मोजणी-नळी घालून हे माप घेतात. डोक्यासाठी १६ सेंटिमीटर आणि धडासाठी ३२ सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल वापरतात. आज यंत्राच्या पडद्यावर 'सीटीडीआय' म्हणून जो आकडा दिसतो तो याचाच वंशज होय. हा आकडा त्या दंडगोलाचा आहे, समोर झोपलेल्या रुग्णाचा नव्हे, हे मात्र पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. पंचवीस सेंटिमीटर पोटाच्या माणसाच्या ऊतींना पडद्यावरील आकड्यापेक्षा प्रत्यक्षात अधिक मात्रा मिळते. रुग्णाच्या आकारमानानुसार दुरुस्ती करण्याची पद्धत अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे निर्देशांकानंतर तीस वर्षांनी.

मधल्या तीस वर्षांत तंत्र फार पुढे गेले होते. १९८९ मध्ये सर्पिल पद्धत आली, १९९८ मध्ये एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली. संपूर्ण पोट एका श्वासात होऊ लागले. सोय वाढली तशी वापराची मर्यादा सैल झाली. आयोडिनयुक्त औषध शिरेतून देऊन प्रथम औषधाविना, मग धमनीच्या वेळी, मग शिरेच्या वेळी आणि शेवटी उशिरा, असे तेच पोट तीन-चार वेळा चित्रित करण्याची प्रथा रूढ झाली. यकृतातील विशिष्ट गाठींसाठी हे आवश्यक असते. साध्या पोटदुखीसाठी सहसा नसते. प्रत्येक फेरी म्हणजे पूर्ण मात्रेची पुनरावृत्ती होय.

१९८९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये झालेल्या पाहणीत असे दिसले की सर्व क्ष-किरण तपासण्यांत सीटीचा वाटा केवळ दोन टक्के होता, पण लोकसंख्येस मिळणाऱ्या वैद्यकीय मात्रेतील वाटा सुमारे वीस टक्के होता. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील चार संस्थांत २००८ मध्ये केलेल्या अभ्यासात उदर व श्रोणीच्या अनेक फेऱ्यांच्या स्कॅनची मध्यक परिणामी मात्रा ३१ मिलिसिव्हर्ट आढळली, आणि एकाच प्रकारच्या तपासणीत कमाल व किमान मात्रांतील अंतर सरासरी तेरापट निघाले. वैद्यकीय कारण तेच, यंत्रांची पिढी तीच, आणि तरी एवढी तफावत. अशी तफावत फिल्मच्या काळात फार दिवस टिकली नसती.

२००९ मध्ये उघडकीस आलेली एक घटना येथे नोंदविणे आवश्यक आहे, जरी ती पोटाची नसून मेंदूच्या स्कॅनची आहे. लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या रुग्णालयात अठरा महिन्यांत २०६ रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट मात्रा मिळाली. चूक लक्षात आली ती एका रुग्णाचे केस गळू लागल्यावर. अठरा महिने तज्ज्ञ डॉक्टर त्या प्रतिमा पाहत होते, आणि प्रतिमांत खोट दिसण्यासारखे काही नव्हते.

भारतातील नियमन

प्रारणाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९५५ मध्ये शास्त्रीय समिती नेमली, तेव्हा तिच्या पंधरा सदस्य-देशांत भारत होता. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथे देशाचे प्रतिनिधित्व केले. अणुऊर्जा कायदा १९६२ चा, त्याखालील प्रारण संरक्षण नियम १९७१ चे, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची. वैद्यकीय क्ष-किरण उपकरणांसाठी मंडळाची सुधारित सुरक्षा संहिता २००१ मध्ये आणि नवे नियम २००४ मध्ये आले. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. म्हणजे ज्या राज्यात मालगुंड आहे त्याच राज्यात या विषयाची देशातील सर्वोच्च यंत्रणाही आहे.

तथापि कागदावरील चौकट आणि प्रत्यक्ष यांत मोठे अंतर होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१२ मधील अहवालानुसार देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण उपकरणांपैकी केवळ ५,२७० नोंदणीकृत होती. प्रत्येक राज्यात प्रारण सुरक्षा संचालनालय असावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निर्देश असताना ते केरळ व मिझोराम या दोनच राज्यांत स्थापन झाल्याचे त्या अहवालात म्हटले होते. महाराष्ट्राचे नाव त्यांत नव्हते. सीटी यंत्रांसाठी परवाना, खोलीच्या आराखड्यास मंजुरी आणि नियतकालिक गुणवत्ता-तपासणी आवश्यक असते. त्यामुळे साध्या क्ष-किरण यंत्रांपेक्षा ती अधिक देखरेखीखाली राहिली. नंतरच्या वर्षांत मंडळाच्या संगणकीय नोंदणी-प्रणालीमुळे परिस्थिती सुधारली.

येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्यास वर्षाला किती मात्रा मिळावी यास कायद्याने मर्यादा आहे. तो छातीवर मात्रा नोंदविणारा बिल्ला लावतो. सर्वसामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णासाठी मात्र कोणतीही मर्यादा नाही. हे योग्यही आहे. कारण फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या रुग्णास 'आपला कोटा संपला' असे सांगता येणार नाही. मर्यादेऐवजी रुग्णाच्या वाट्यास दोन तत्त्वे आली आहेत : तपासणी खरोखर आवश्यक असावी, आणि प्रश्नाचे उत्तर मिळेल इतकीच मात्रा वापरावी. ही दोन्ही तत्त्वे पाळली गेली की नाही हे पाहणारा बिल्ला मात्र रुग्णाच्या छातीवर नसतो.

मालगुंडची वाळू आणि दहा मिलिसिव्हर्ट

मात्रेचा आकडा सामान्य माणसास कळावा म्हणून निसर्गतः मिळणाऱ्या प्रारणाशी तुलना करण्याची पद्धत आहे. जगात माणसास निसर्गाकडून वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. मालगुंड-नेवरे किनाऱ्यावर काळी वाळू आढळते आणि ती किरणोत्सारी असावी असा समज होणे शक्य आहे, कारण केरळच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूची ख्याती तशी आहे. परंतु केरळच्या वाळूत थोरियम असलेले मोनाझाइट आहे. रत्नागिरीची वाळू मुख्यतः दख्खनच्या बेसाल्ट खडकातून आलेल्या इल्मेनाइट व मॅग्नेटाइटची आहे. दख्खनचा काळा पाषाण हा देशातील कमी किरणोत्सारी खडकांपैकी आहे. म्हणजे मालगुंडचा माणूस या बाबतीत सुदैवी म्हणावा लागेल.

पोटाच्या एका फेरीच्या सर्वसाधारण स्कॅनमध्ये सुमारे ८ ते १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. जागतिक सरासरीच्या हिशेबाने ही तीन-चार वर्षांची नैसर्गिक मात्रा झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ढोबळ अंदाजानुसार १० मिलिसिव्हर्टमुळे प्राणघातक कर्करोगाचा संभव दोन हजारांत एक इतका वाढू शकतो. हा अंदाज मुख्यतः हिरोशिमा व नागासाकी येथील बचावलेल्यांच्या अभ्यासावरून आणि कमी मात्रेतही धोका त्याच प्रमाणात असतो या गृहीतावर बेतलेला आहे. त्यावर वाद आहेत. तरुण वयाच्या बाबतीत मात्र पुरावा बळकट होत गेला आहे. युरोपातील नऊ देशांत बावीस वर्षांखालील वयात सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख व्यक्तींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सर्वसाधारण स्कॅनमधून अस्थिमज्जेस मिळणाऱ्या ८ मिलिग्रे मात्रेमागे पुढील बारा वर्षांत दर दहा हजार मुलांत एक ते दोन अधिक रक्तकर्करोग संभवतात.

दोन हजारांत एक हा धोका निदान चुकल्याच्या धोक्यापुढे लहान आहे. हे विसरून केवळ भीतीपोटी मात्रा खाली आणणेही तितकेच अविचाराचे ठरते.

किती कमी पुरेसे?

या प्रश्नाचे उत्तम उत्तर दक्षिण कोरियातून आले. आंत्रपुच्छाच्या दाहाचा संशय असलेल्या १५ ते ४४ वयोगटातील ८९१ रुग्णांवर सोलजवळील विद्यापीठ रुग्णालयात चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्ध्या रुग्णांचे स्कॅन नेहमीच्या सुमारे ८ मिलिसिव्हर्ट मात्रेने आणि अर्ध्यांचे सुमारे २ मिलिसिव्हर्टने केले. निरोगी आंत्रपुच्छ विनाकारण काढले जाण्याचे प्रमाण कमी मात्रेच्या गटात ३.५ टक्के व नेहमीच्या गटात ३.२ टक्के निघाले. म्हणजे चतुर्थांश मात्रेने काम भागले.

या चाचणीतील आणखी एक आकडा सहसा उद्धृत केला जात नाही. स्कॅननंतर आणखी एखादी प्रतिमा-तपासणी करावी लागण्याचे प्रमाण कमी मात्रेच्या गटात ३.२ टक्के, तर नेहमीच्या गटात १.६ टक्के होते. हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. ज्या रुग्णालयात सोनोग्राफीची खोली त्याच मजल्यावर आहे तेथे तो नगण्यच मानावा. परंतु रुग्ण रात्री मालगुंडहून रिक्षाने किंवा रुग्णवाहिकेने रत्नागिरीस आला असेल, आणि 'नक्की सांगता येत नाही, पुन्हा तपासा' असा अहवाल घेऊन त्यास कोल्हापूर गाठावे लागणार असेल, तर तेथे दुसरे स्कॅन बहुधा पूर्ण मात्रेचे होते. वाचविलेले सहा मिलिसिव्हर्ट वाटेतच खर्च होतात, वर प्रवासाचे तास जातात. आंत्रपुच्छासारख्या स्थितीत तासांना किंमत असते.

यावरून कमी मात्रा मालगुंडच्या रुग्णासाठी नको, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. सडपातळ अंगकाठीमुळे त्याच्यासाठी कमी मात्रा अधिक सहज शक्य आहे, हे वर आलेच आहे. मुतखड्याच्या प्रश्नासाठी दाणेदार प्रतिमा चालते. तेथे मात्रा निर्धास्तपणे उतरवावी. यकृतातील गाठ शोधावयाची असेल तर मात्रेत काटकसर करून उपयोग नाही. त्याऐवजी अनावश्यक फेऱ्या गाळाव्यात. औषध देऊन स्कॅन करताना सडपातळ रुग्णात नळीचा दाब १२० ऐवजी १०० किलोव्होल्ट ठेवल्यास आयोडिन अधिक उठून दिसते आणि मात्राही घटते. या प्रत्येक निर्णयासाठी तंत्रज्ञास आधी हे ठाऊक हवे की रुग्णास स्कॅनसाठी पाठविले आहे ते कोणत्या प्रश्नासाठी. चिठ्ठीवर केवळ 'पोटाचे सीटी' एवढेच लिहिलेले असेल, तर तो सर्व प्रश्नांना पुरेल अशी मात्रा आणि सर्व फेऱ्या वापरतो. यात त्याला दोष देता येत नाही. समतोलाचा खरा आरंभ म्हणून यंत्राजवळ होत नाही. तो आरोग्य केंद्रात लिहिलेल्या दोन ओळींत होतो.

२००८-०९ पासून आलेल्या पुनरावर्ती गणनपद्धती आणि २०१९ पासून मान्यता मिळालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित पद्धती कमी मात्रेतील प्रतिमाही गुळगुळीत करून देतात. मात्रा बरीच उतरविल्यास प्रतिमा देखणी राहते, पण यकृतातील फिकट लहान गाठी त्या गुळगुळीतपणात पुसल्या जाऊ शकतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पूर्वी अतिरेक दिसत नव्हता. आता कमतरताही दिसेनाशी होऊ लागली आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फोटॉन-गणन सीटी या दोन्हींवर काही प्रमाणात उत्तर आहे, मात्र ते यंत्र अतिशय महाग आहे.

सोनोग्राफीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. पोटाच्या अनेक प्रश्नांना ती किरणांविना उत्तर देते आणि लहान मुलांत व गर्भवतींत तिचाच प्रथम विचार व्हावा. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा केला आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सोनोग्राफी यंत्राच्या नोंदणीवर व हालचालीवर कडक निर्बंध आले. ते न्याय्य होते व आहेत. परंतु त्याची एक अनपेक्षित बाजू अशी की किरण नसलेले यंत्र गावाकडे नेणे अवघड राहिले, आणि रुग्णास किरण असलेल्या यंत्राकडे नेण्याची वाट अधिक रुळली.

स्कॅन पूर्ण झाल्यावर यंत्र शेवटी एक तक्ता तयार करते. किती फेऱ्या झाल्या, प्रत्येकीचा निर्देशांक किती, एकूण मात्रा किती, हे त्यात लिहिलेले असते. गेल्या वीसेक वर्षांतील सर्वसाधारण यंत्रांत ही सोय आहे. फिल्म छापताना हा तक्ता वगळला गेला, की तो केवळ यंत्राच्या स्मृतीत उरतो. मुंबईच्या रुग्णालयात पुढील डॉक्टर पाकीट उघडतात तेव्हा त्यांना यकृत दिसते, मूत्रपिंडे दिसतात, आंत्रपुच्छ दिसते. आधीच्या स्कॅनमध्ये किती फेऱ्या झाल्या आणि कोणत्या मात्रेने, ते दिसत नाही. मूळ प्रतिमांची चकती सोबत नसेल तर पाहिजे तो छेद पाहता येत नाही, आणि रुग्ण तीन-साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून आलेला असल्याने त्याच दिवशी नवे स्कॅन सांगितले जाते.